बियांच्या पाकिटावरची चिठ्ठी

नैनाचं पत्र सत्तावीस जूनला आलं. मी ते वाचलं आणि गवतांच्या एका जाड संदर्भकोशात ठेवून दिलं. नंतर दोन महिने तो कोश उघडला नाही. सकाळी चहा घेताना तो समोरच्या फळीवर दिसायचा, म्हणून मी खुर्ची जरा तिरकी करून बसायला लागलो.

पत्र इंग्रजीत होतं. वरचं ‘काका’ तेवढं मराठीत, इथल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत लहानपणी गिरवलेल्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत. खाली टाइप केलेल्या सात-आठ ओळी. मराठीत त्या अशा होतील:

“नमुन्यांच्या खणात तुमची चिठ्ठी सापडली. सगळे म्हणतात, तुम्ही पेरणीआधी मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. मला आठवत नाही. रोज आठवून बघते. कधी वाटतं, सांगितलं असेल. तुम्ही सांगितलं होतं का? हो की नाही, एवढंच लिहा. फोन करू नका, फोनवर तुम्ही काही बोलतच नाही. बारा सप्टेंबरला माझी चौकशी आहे. मला तुमच्याबद्दल आदर होता. म्हणून आता राग जास्त येतो.”

नैना देवस्थळी इथेच जन्मलेली, चौतीस-पस्तीस वर्षांची. वन्यजीव खात्यात नोकरीला. आमच्या बॉथेलहून डोंगर ओलांडून पूर्वेला गेलं की कोलंबिया नदीच्या पलीकडे सेजब्रशचा एक राखीव माळ आहे, तो तिच्या ताब्यात. मी मुकुंद खांबेटे. पुण्यातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात चौतीस वर्षं होतो. वाळवलेल्या वनस्पती कागदावर चिकटवायच्या, नावं लिहायची, कपाटात डांबराच्या गोळ्या टाकायच्या. स्वतः एकही नवी वनस्पती शोधली नाही. बायको गेल्यावर मुलाकडे, प्रसन्नकडे, इथे राहायला आलो.

२००७ च्या ऑगस्टमध्ये त्या माळाला वणवा लागला. चार दिवसांत वीस हजार एकर जळालं. सेजब्रश म्हणजे कमरेएवढं, राखाडी पानांचं झुडूप, आपल्या दवण्याच्या कुळातलं. दिसायला काही नाही. पण ग्राउज नावाचा कोंबडीहून थोडा मोठा पक्षी हिवाळाभर त्याचीच पानं खाऊन जगतो आणि त्याच्याच आडोशाला अंडी घालतो. हे झुडूप एकदा जळलं की मुळापासून पुन्हा फुटत नाही. बी पडलं तरच उगवतं. आणि बी पडायच्या आत चीटग्रास नावाचं परदेशी गवत तिथे घुसतं, जूनमध्येच वाळून जातं आणि पुढच्या ठिणगीला भडकतं. असं दोन-तीनदा झालं की माळ संपला. म्हणून पहिल्याच हिवाळ्यात, निदान नऊशे एकरांवर तरी, विमानातून बी टाकायचं ठरलं होतं.

मदतीला माणसं हवी होती. मंडळाचे अध्यक्ष गिरीश यांनी सगळ्यांना ईमेल केली आणि दिवाळीतल्या पाडव्याच्या शनिवारी आम्ही तीन गाड्या भरून, फराळाचे डबे घेऊन निघालो. माळ मी पहिल्यांदाच पाहत होतो. क्षितिजापर्यंत काळं. पाय टाकला की राख बुटात जायची. वारा सारखा सुरू, आणि त्या वाऱ्यात बोलायचं तर ओरडावं लागायचं. मला ओरडता येत नाही.

फाटकापाशी एक पिकअप आडवा उभा होता. आत शेजारच्या रँचचा, म्हणजे गुरांच्या कुरणाचा, मालक हॅचर, साठीचा, आणि त्याचा कुत्रा. त्याने काच खाली केली.

“पिकनिक?”

“व्हॉलंटियर्स, सर,” गिरीश म्हणाले.

“माझ्या घराण्याची गुरं इथे शंभर वर्षं चरली. एवढी आग कधी लागली नाही. गुरं गवत खाऊन टाकायची. या बाईने तारांचं कुंपण घातलं आणि गवत वाढवलं.”

नैना तिथेच उभी होती. “ते गवत तुमच्याच गुरांच्या पायांनी आलंय, मिस्टर हॅचर.”

“असेल. बाहेरून पुष्कळ काही येतं,” तो आमच्या गाड्यांकडे बघत म्हणाला.

गिरीश यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी डबा पुढे केला. हॅचरने एक चकली घेतली, उलटसुलट पाहिली आणि कुत्र्यापुढे टाकली. कुत्र्याने हुंगली आणि तोंड फिरवलं. मग पिकअप बाजूला झाला, पण इतका सावकाश की आम्हाला ते नीट कळावं.

नैनाने माझ्याकडे पाहिलं. “काका, तुम्ही शेडमध्ये बसा. उचलायचं काही नाही. तुम्ही राखेत पडलात तर हेलिकॉप्टर बोलवावं लागेल, आणि त्याचा फॉर्म मलाच भरावा लागतो.”

सगळे हसले. मीही हसलो. मला शेडच हवी होती.

काम सोपं होतं. बियांची पोती आली होती. प्रत्येक पोत्यातून मूठभर नमुना कागदी पाकिटात भरायचा, पोत्याचा नंबर लिहायचा आणि पाकीट खणात ठेवायचं. पोत्यांवर पुरवठादाराचं लेबल: सेजब्रश, माळावरची पोटजात. हे बी खसखशीहून बारीक असतं आणि पोत्यात बियांपेक्षा पानांचा, काड्यांचा चुरा जास्त. मी पहिलं पोतं उघडलं आणि सवयीने वास घेतला.

वास चांगला आला. तिथेच मन चरकलं.

शेडच्या मागे चार झुडपं आगीतून वाचली होती. येताना मी त्यांचं एक पान चुरगाळून पाहिलं होतं. त्याचा वास कडवट, नाकात जाणारा, टर्पेंटाइनसारखा. पोत्यातला वास गोडसर होता, कापरासारखा, थोडा दवण्याकडे झुकणारा. सेजब्रशच्या पोटजाती दिसायला जवळजवळ सारख्या असतात. एक डोंगरावर वाढते. तिला बर्फ लागतो, ओल लागते. दुसरी या माळासारख्या, वर्षाला आठ इंच पावसाच्या जागी तग धरते. डोंगरावरचं बी माळावर टाकलं तर फसवतं. वसंतात उगवतं आणि उन्हाळा लागला की मरतं. हे सगळं मी वाचलेलं होतं. माझं सगळंच वाचलेलं असतं.

मी एक चिमूट चुरा न विचारता पाकिटात घालून खिशात ठेवला. शेडमागचं एक पानही घेतलं. चौतीस वर्षांत कॉलेजची टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती.

याची एक तपासणी आहे. पानाचा चुरा पाण्यात भिजवायचा आणि ते पाणी अंधारात जांभळ्या, अतिनील दिव्याखाली धरायचं. डोंगरी असेल तर पाणी निळं चमकतं. मला पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद आहे आणि तिकिटांचा कागद तपासायला माझ्याकडे तसा दिवा आहे. सोमवारी प्रसन्न आणि सून सीमा आपापल्या कामांत असताना मी बाथरूममध्ये गेलो, दाराच्या फटीला टॉवेल लावला आणि दोन पेले बेसिनवर ठेवले. शेडमागच्या पानाचं पाणी मळकट राहिलं. पोत्यातल्या चुऱ्याचं पाणी कपड्यांना घालायच्या निळीसारखं पेटलं.

“बाबा, बरं आहे ना? पाऊण तास झाला,” बाहेरून सीमा. ती त्या दिवशी घरूनच काम करत होती.

“हो, हो. झालंच.”

मी ते सहा वेळा केलं. तारीख, वेळ, निकाल वहीत लिहिले. सहाही वेळा निळं. तेव्हा मला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं.

पण लगेच नेहमीची भुणभुण सुरू झाली. आपला दिवा तिकिटांचा. आपला अभ्यास गवतांचा, झुडपांचा नाही. आपण या देशात पाहुणे. पुरवठादाराकडे प्रयोगशाळा असेल, खात्यात शास्त्रज्ञ असतील, त्यांना कळलं नसेल का? तरुण मुलीला तिच्या माणसांसमोर खाली पाहायला लावायचं? आणि मीच चुकीचा निघालो तर? हा शेवटचा प्रश्नच खरा होता. बाकीचे त्याच्या आगेमागे चालणारे.

दोन आठवड्यांनी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतल्या शनिवारी, गिरीश पुन्हा निघाले. मीही गेलो. वाटेत तीन तास वाक्य जुळवत होतो. “नैना, हे बी डोंगरी आहे, टाकू नकोस.” सहा-सात शब्दांचं काम.

आम्ही पोचलो तेव्हा नैना शेडच्या दारात फोनवर भांडत होती. रात्रीतून कुणीतरी तारा कापल्या होत्या आणि हॅचरच्या अकरा गायी आत शिरल्या होत्या. हॅचर स्वतः वीस पावलांवर पिकअपला टेकून उभा.

“गायींना वाचता येत नाही, मॅडम. तुमची पाटी त्यांना कळली नाही.”

“तारा दातांनी कापल्या का गायींनी?”

“माझ्या गायी हुशार आहेत.”

“मी शेरिफला बोलवलंय.”

“शेरिफ माझा मेव्हणा आहे. जेवायलाच येतोय.”

ती वळून आत आली. चेहरा लाल. मी पाकिटांच्या टेबलाशी उभा होतो.

“नैना, एक शंका होती...”

“काका, शंका नंतर. आधी अकरा गायी.” आणि ती गेली.

खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. सांगायला गेलो होतो, तिनेच ऐकलं नाही, असं मनाशी म्हणता येत होतं. मग मी आमच्या धंद्यात करतात ते केलं.

वनस्पतिसंग्रहात एक रीत आहे. कागदावर आधी कुणी लिहिलेलं नाव चुकलं असेल तर ते खोडायचं नाही आणि त्या माणसाला बोलायचंही नाही. खाली एक बोटभर चिठ्ठी चिकटवायची. तिच्यावर आपल्या मते बरोबर असलेलं नाव, आपली आद्याक्षरं, तारीख. पूर्ण खात्री नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह. पुढचा अभ्यासक कधीतरी येतो, पंचवीस वर्षांनीही येतो, आणि चिठ्ठी वाचतो. कुणाचा अपमान होत नाही. या रीतीवर मी आयुष्य काढलं. आमच्या विभागप्रमुखांच्या कितीतरी चुका मी अशा दुरुस्त केल्या आणि त्यांच्याबरोबर रोज चहाही प्यायलो.

मी पहिल्या पाकिटावर चिठ्ठी लावली. डोंगरी पोटजातीचं लॅटिन नाव, पुढे प्रश्नचिन्ह, मु. खां., २४.११.०७. पाकीट खणात ठेवलं आणि खण बंद केला.

वाळवलेल्या झाडाला पंचवीस वर्षं चालतात. पेरणी चौदा दिवसांवर होती. ते चौदा दिवस टेलिफोन स्वयंपाकघराच्या भिंतीवरच होता.

आठ डिसेंबरला विमानाने बी टाकलं.

मार्चमध्ये ग्राउजचे नर दरवर्षी एका ठरलेल्या जागी पहाटे नाचायला येतात, छाती फुगवून, पंख्यासारखी शेपटी उघडून. नैना त्यांची मोजदाद करते. आदल्या वर्षी एकोणीस होते, या वर्षी सहा. काळ्या जमिनीवर, आडोसा नसताना, तिथेच नाचले, असं तिने सगळ्यांना कळवलं. एप्रिलमध्ये तिने एक फोटो पाठवला: राखेत दोन पानांची इवलीशी रोपं, शेजारी तिचं बोट. खाली ‘ते उगवलंय!!!!’ असं चार उद्गारचिन्हांसकट. मी उत्तर पाठवलं. ‘अभिनंदन’ असं लिहिलं.

मे संपायच्या आत रोपं जळाल्यासारखी वाळली. शेडमागच्या जुन्या झुडपांखाली आपोआप पडलेल्या बियांची रोपं तेवढी जगली. तेव्हा नैनाला संशय आला आणि नमुने तपासायला तिने खण उघडला.

चिठ्ठी तिने लपवली नाही, वरिष्ठांना दाखवली. तिथेच ती अडकली. पुरवठादार म्हणाला, तुमच्याच माणसाने लेखी इशारा दिला होता, तरी तुम्ही बी टाकलंत, आता आमची जबाबदारी नाही. हॅचरने तिच्याविरुद्ध अर्ज केला. चौकशी लागली. तिने इशारा डावलला असं ठरलं तर तिला माळावरून काढणार, पुढच्या हिवाळ्याची दुसरी पेरणी रद्द करणार आणि ऑक्टोबरपासून फाटक हॅचरच्या गुरांना उघडणार. सहा पक्षी उरले होते, त्यांना तो माळही उरणार नव्हता.

चौकशीच्या कागदांत माझं नाव ‘इशारा देणारे वृद्ध शास्त्रज्ञ’ असं आलं आणि तिकडच्या वर्तमानपत्राने तसंच छापलं.

पहिला फोन गिरीश यांचा. “काका, अहो तुम्ही तर कमाल केलीत! यार, एवढं माहीत असून एक शब्द बोलला नाहीत आम्हाला.”

“अहो, तसं काही नाही. मी काही...”

“हाच तुमचा मोठेपणा! गणपतीत सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, सगळं. देवस्थळींची मुलगी लहानपणापासून अशीच आहे, कुणाचं ऐकत नाही.”

“गिरीश, तिने...”

“तुम्ही तिची बाजू घेणारच. ठेवतो, हॉलवाल्याचा फोन येतोय.”

दुसरा फोन हॅचरचा. नंबर त्याने कुठून मिळवला कोण जाणे.

“तुमच्या सगळ्या टोळीत तू एकटा शहाणा निघालास,” तो म्हणाला. “बारा तारखेला ये. गाडी मी पाठवतो. फक्त उभं राहायचं आणि म्हणायचं, मी सांगितलं होतं.”

मी टेलिफोनची वायर बोटाला गुंडाळत होतो.

“तू कागदावर लिहून दिलंस आणि त्या पोरीने खणात फेकलं. बरोबर?”

मी काही बोललो नाही. 

“बरोबर,” त्याने स्वतःच उत्तर दिलं आणि फोन ठेवला.

मी रिसीव्हर हातात धरून उभा राहिलो. माझ्या न बोलण्याचा एवढा उपयोग होऊ शकतो हे मला कधी कळलं नव्हतं. मी काही न म्हणता एक साक्ष देऊन मोकळा झालो होतो.

प्रसन्नला मी पत्र दाखवलं नाही, पण नैनाच्या आईने सीमाला सांगितलं होतं. जुलैमधल्या एका रविवारी जेवताना त्याने विषय काढला.

“बाबा, त्या पत्राला उत्तर द्यायचं नाही. लीगल मॅटर आहे.”

“तिने फक्त एक प्रश्न विचारलाय.”

“तेच ना. तुम्ही लिहून दिलं की तुम्ही त्यात आलात. तुमच्या ग्रीन कार्डचं चालू आहे. नमुना न विचारता घरी आणलात, ते कुणी विचारलं तर? आणि आत्ता तुम्हाला कोण काय म्हणतंय? सगळे कौतुकच करताहेत.”

“ते कौतुक खोटं आहे.”

“म्हणजे?”

“मी तिला सांगितलंच नव्हतं.”

प्रसन्नने घास ताटात ठेवला. “सांगितलं नव्हतं म्हणजे? चिठ्ठी होती ना?”

“चिठ्ठी होती.”

 सीमा उठली, फ्रिजपाशी गेली आणि दारावरच्या माझ्या चिठ्ठ्या एकेक काढून टेबलावर ठेवायला लागली. दूध संपत आलं आहे? मागच्या बागेतला नळ गळतो आहे? प्रसन्नला ताप वाटतो?

“तीन वर्षं, बाबा. तीन वर्षं मी हे वाचतेय. नळ गळत होता. तुम्ही उभं राहून बघत होता. मी शेजारच्या खोलीत होते. तोंडाने का नाही सांगत तुम्ही? मी काय खाणार आहे का तुम्हाला?”

“सीमा, पुरे,” प्रसन्न म्हणाला.

“पुरे काय? पाण्याच्या बिलाचा आकडा बघून मला वाटलं मीच नळ उघडा टाकला. दोन आठवडे मी स्वतःला शिव्या देत होते. यांना माहीत होतं! फ्रिजवर, लोणच्याच्या यादीमागे, चिठ्ठी होती!”

ती वर गेली. प्रसन्न माझ्याकडे न बघता म्हणाला, “जे काय असेल ते. उत्तर द्यायचं नाही, एवढं ऐका माझं.” नंतर बरेच दिवस त्या घरात ताटांचेच आवाज येत होते.

सीमाचं एक वाक्य मात्र गेलं नाही. मला वाटलं मीच नळ उघडा टाकला. नैनाच्या पत्रात तेच होतं: कधी वाटतं, सांगितलं असेल. पत्र आलं त्या दिवशी मी ती ओळ वाचली होती आणि तिच्यावरून पुढे गेलो होतो, कारण त्यातून मला वाट दिसली होती. तिलाच आठवत नाही, तर मग कुणास ठाऊक! स्वतःवर विश्वास नसणं म्हणजे काय ते मला सत्तर वर्षं ठाऊक आहे. सकाळी दार लावलं की नाही हे बघायला अर्ध्या वाटेतून परत येणारा माणूस मी. ती तशी नव्हती. ती अकरा गायींसमोर उभी राहणारी मुलगी होती. तिला मी माझा रोग लावला होता, तोही फुकट, नुसतं गप्प राहून.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गिरीश यांनी सत्काराची पत्रिका पाठवली. माझा फोटो, खाली ‘ज्यांनी वेळीच सांगितलं’. प्रसन्नने ती फ्रिजवर लावली, माझ्या चिठ्ठ्या होत्या तिथे. ती चांगल्या मनानेच लावली असेल. मी ती दोन दिवस पाहिली. तिसऱ्या दिवशी कोश उघडला.

पाच मसुदे केले. पहिल्यात ‘कदाचित’ चार वेळा होतं. दुसऱ्यात गायींची हकिकत दीड पान होती, म्हणजे तिनेच मला थांबवलं हे तिला कळावं. तिसऱ्यात मी माझं वय लिहिलं होतं. चौथा बरा होता, पण शेवटी ‘तुला काय वाटतं?’ असं विचारलं होतं. ज्याने गुन्हा केला त्याने असं विचारू नये. पाचवा इंग्रजीत होता, तिला वाचता यावा आणि चौकशीत चालावा म्हणून. तो असा:

“नैना, नाही. मी तुला सांगितलं नव्हतं. तुला आठवत नाही, कारण तसं घडलंच नाही. तुझी आठवण बरोबर आहे.

मला माहीत होतं. बारा नोव्हेंबरपासून माहीत होतं. सहा वेळा तपासलं होतं. वहीचं पान सोबत आहे. त्यासाठी चुरा मी न विचारता घरी नेला होता. चोवीस नोव्हेंबरला मी तुला ‘एक शंका होती’ एवढंच म्हणालो. शंका नव्हती, खात्री होती. तू गेल्यावर मी पाकिटावर चिठ्ठी लावली आणि ते खणात ठेवलं. पेरणीआधी तो खण कुणी उघडणार नाही हे मला कळत होतं. चिठ्ठीवरचं प्रश्नचिन्ह खोटं होतं. एप्रिलमध्ये मी तुला अभिनंदन लिहिलं, तेही माहीत असूनच.

हे पत्र कुणालाही दाखव. बारा तारखेला मी येईन आणि हे तोंडाने सांगेन. हॅचरच्या गाडीने येणार नाही. मंडळाच्या गाडीनेही येता येईल असं वाटत नाही. बसचं बघतो. तुझा राग योग्य आहे. मुकुंद खांबेटे.”

क्षमा मागितली नाही. मसुद्यात होती, ती खोडली. ती मागितली असती तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तिला दुसरी कामं आहेत.

वहीचं पान फाडलं. वहीतून पान फाडायची मला सवय नाही. पाकीट बंद केलं आणि मग लक्षात आलं की घरात दोन हजार तिकिटं आहेत, पण लावायला एक नाही.

सीमा स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसली होती. मी दारात उभा राहिलो. एरवी चिठ्ठी लिहिली असती.

“सीमा, मला एक तिकीट हवंय. नैनाला पत्र पाठवतोय.”

तिने वर पाहिलं. पाकिटाकडे, मग माझ्याकडे. “प्रसन्नला माहितीये?”

“नाही. संध्याकाळी सांगणार आहे.”

“सांगणार, की चिकटवणार?”

“सांगणार.”

ती हसली नाही. पर्समधून घंटेचं चित्र असलेलं एक तिकीट काढून टेबलावर सरकवलं. “तो चिडणार.”

“हो.”

“गिरीशकाका पण. सगळं मंडळ चिडेल. गणपतीत तोंड कसं दाखवायचं आम्ही?”

“ते मला माहीत नाही.”

“मी उद्या ऑफिसला जाताना टाकू का?” तिने हात पुढे केला.

“नको,” मी म्हणालो. थोडं जोरात आलं असावं, कारण तिने हात मागे घेतला आणि पुन्हा स्क्रीनकडे पाहायला लागली.

जाताना फ्रिजवरची सत्काराची पत्रिका काढली आणि घडी करून खिशात घातली.

लायब्ररीपाशी निळी टपालपेटी आहे, चालत बारा मिनिटांवर. रस्त्यात कुणी भेटलं नाही. पेटीवर लिहिलं होतं, टपाल चार वाजता उचललं जातं. साडेतीन झाले होते. मी झडप ओढली, पाकीट ठेवलं, झडप सोडली. मग ते अडकलं तर नाही ना हे बघायला पुन्हा ओढली. आत काही नव्हतं. पत्र गेलं होतं.